सत्तावीस नंबरची नऊ सेकंदांची नोकरी

मित्रांनो, मी एक जुनी आणि तरीही कोरी सुई होते. हे वाक्य तुम्हाला विचित्र वाटेल. सुई जुनी असेल तर ती वापरलेली असणार, असा तुमचा समज. पण आमच्या घराण्यात वापरलेल्या सुईला जुनी व्हायला सवडच मिळत नाही. ती पाकिटातून निघते आणि चहा निवायच्या आत डब्यात जाते. जुनी होते ती न वापरलेली. मी चार वर्षे अकरा महिने जुनी झाले. त्यात माझी प्रत्यक्ष नोकरी नऊ सेकंदांची. बाकीचा सगळा काळ मी तयारीत होते.

मी शिलाईची सुई नव्हे. मला नेढे नाही, दोरा नाही. मी इंजेक्शनची सुई, आणि माझी नेमणूक डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनसाठी झाली होती. इथे काही वाचक पान उलटतात. हरकत नाही. मला हात असते तर मीही उलटले असते. जे राहिले आहेत त्यांच्यासाठी पुढे सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सुरुवातीला मी पोलादाची चांगली जाडजूड नळी होते. मग मला एका भोकातून ओढले. ते भोक माझ्यापेक्षा लहान होते. कशीबशी पलीकडे निघाले तर समोर त्याहून लहान भोक. तुम्हाला शाळेत वरच्या वर्गात ढकलतात, आम्हाला लहान भोकात ओढतात, एवढाच फरक. माझ्याबरोबरच्या काही नळ्या ओढल्या जात जात बत्तीस नंबरपर्यंत पोहोचल्या. मी सत्तावीसला थांबले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावर उभा आहे. इंजेक्शनच्या सुयांमध्ये नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. म्हणजे बत्तीस नंबर बारीक आणि सत्तावीस तिच्यापेक्षा जाड. असे का, ते मला विचारू नका. ज्याने हे ठरवले त्याची माझी भेट झालेली नाही. झाली तर मी माझे काम करीन.

मग माझे टोक तीन बाजूंनी तिरपे घासले. मागे करड्या रंगाचे प्लॅस्टिकचे बूड बसवले. एका कॅमेऱ्याने मला निरखून पाहिले आणि हिरवा दिवा लागला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. त्या कॅमेऱ्याने त्या दिवशी आणखी चाळीस हजार जणींचे कौतुक केले, पण मी मनाला लावून घेतले नाही. शेवटी मला पाकिटात घातले, मागे कागद आणि पुढे पारदर्शक खिडकी, आणि वर तारीख छापली. पाच वर्षांनंतरची. त्या तारखेनंतर मला कोणी वापरायचे नाही. तुमच्या कपाळावर अशी तारीख छापली असती तर तुम्हीही सकाळी हाक न मारता उठला असता.

माझी रवानगी डोळ्यांच्या एका दवाखान्यात झाली. दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. आत एक उंच खाट, वर वाकणारा दिवा, भिंतीवर घड्याळ आणि तीन खणांची चाकांची ट्रॉली. मी आणि माझ्या बहिणी आधी वरच्या खणात होतो. वर्षभराने तीस नंबरच्या आल्या आणि आम्ही मधल्या खणात गेलो. मग बत्तीस नंबरच्या आल्या, हिरव्या बुडाच्या, नाजूक. आम्ही खालच्या खणात. तिथे आमच्या शेजारी सेल नसलेली बॅटरी, तुटक्या दांडीचा चष्मा आणि कोणाच्या तरी रजेचा तीन वर्षांपूर्वीचा अर्ज होता. अर्ज मंजूर झाला होता की नाही, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

बत्तीस नंबरची स्तुती आम्ही खालून ऐकत असू. खाटेवरून उठणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, टोचलेले कळलेसुद्धा नाही. आमच्याबद्दल असे कोणी कधी म्हटले नव्हते. आम्ही टोचलेले लोकांना व्यवस्थित कळत असे. पण मी निराश झाले नाही. रोज सकाळी ट्रॉली ढकलली जायची, खण हादरायचा आणि मी स्वतःला सांगायची, आज. संध्याकाळी सांगायची, उद्या. अशी मी दीड हजाराहून जास्त वेळा चुकले, आणि तेवढ्याच वेळा पुन्हा तयार झाले.

आता डोळ्याबद्दल दोन शब्द. डॉक्टरबाई रोज दहा जणांना समजावत, म्हणून मला पाठ झाले आहे. डोळा म्हणजे आतून पूर्ण भरलेला चेंडू. त्याचा एक ठरलेला दाब असतो. इंजेक्शनने आत औषधाचा एक एवढासा थेंब जातो. थेंब छोटा, पण गाडी आधीच खच्चून भरलेली. त्यात एक प्रवासी वाढला की सगळ्यांचे श्वास कोंडतात. सुई बारीक असेल तर ती निघताच भोक मिटते आणि वाढलेला प्रवासी आतच राहतो. सुई जाड असेल तर भोक क्षणभर उघडे राहते आणि मागच्या दाराने कोणीतरी उतरतो. बहुतेक डोळ्यांना हा कोंडमारा सोसतो. थोड्या वेळात दाब आपोआप उतरतो, माणूस घरी जातो. पण काही डोळ्यांची नस आधीच अशक्त झालेली असते. त्यांच्यासाठी ही मिनिटे फार लांब असतात.

असा एक डोळा होता एका शिंप्याचा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गळ्यातली मोजपट्टी ते दवाखान्यातही काढत नसत, काढली की मान उघडी पडल्यासारखी वाटते म्हणत. त्यांच्याबरोबर त्यांची बायको येई. दुकानात काज-बटण, हातशिलाई तिच्याकडे. दवाखान्यात तिला सगळे काकू म्हणत. मास्तरांचा डावा डोळा काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी गेला होता, म्हणजे वाढलेल्या दाबाने त्याची नस मरून गेली होती. उजव्या डोळ्याची नसही निम्मी गेलेली. त्यात उजव्या डोळ्याच्या पडद्यावरची एक शीर तुंबली आणि पडद्याला सूज आली. सुई ओवता येईना, मग कापडावरची खडूची रेघ दिसेना. उपाय एकच, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. आपल्याकडे म्हण आहे, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही. पण मुसळवाल्याने इलाज कुठे करायचा, हे म्हणीत दिलेले नाही.

तीन इंजेक्शने झाली, तिन्ही बत्तीस नंबरची. मास्तरांना टोचलेले कळले नाही. पण पहिल्या वेळी डोळा दगडासारखा झाला. दुसऱ्या वेळी आधी दाब उतरवायचे थेंब घातले, गोळी दिली, तरी तेच. तिसऱ्या वेळी सुई निघाली आणि मास्तरांना दिसायचे बंद झाले. पूर्ण काळोख. दाब इतका चढला होता की डोळ्यात रक्त शिरेना. डॉक्टरबाईंनी घाईने डोळ्याच्या पुढच्या भागातले थोडे पाणी काढले, तेव्हा उजेड परत आला. मास्तर नंतर म्हणाले की, चार मिनिटे लागली. त्यांनी मनात मोजली होती. एक कॉलर बसवायला त्यांना तेवढीच लागत.

चौथ्या महिन्यात ते आले ते नकार द्यायला. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी काकूंना ऐकवले ते मला खणात ऐकू आले. सूज डोळा हळूहळू नेईल, इंजेक्शन एका दिवसात नेईल, तेव्हा हळूहळूवाले बरे. निदान हातातली गिऱ्हाइके तरी पुरी होतील. काकू म्हणाल्या, मागच्या आठवड्यात तुम्ही एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, ते गिऱ्हाईक पुरे झाले का? मास्तर म्हणाले, तो माणूसच तिरका चालतो.

तेवढ्यात दोघांना आत बोलावले. डॉक्टरबाई मास्तरांचा नकार गृहीत धरून बसल्या होत्या, असे मला वाटते, कारण त्यांनी नकार यायच्या आधीच उत्तर दिले. म्हणाल्या, या वेळी आपण सुई बदलू. बत्तीसच्या जागी सत्तावीस. त्याने दाब कमी चढेल. पुढचे त्या सांगणार, इतक्यात बाहेर धप्प असा आवाज झाला. सासूबाईंना घेऊन आलेले एक जावई भिंतीवरचे डोळ्याच्या इंजेक्शनचे चित्र बघता बघता चक्कर येऊन पडले होते. आजारी सासूबाई त्यांना वारा घालत होत्या. डॉक्टरबाई धावल्या. त्या परत येईपर्यंत मास्तरांनी संमतीच्या फॉर्मवर सही करून टाकली होती.

का, ते ऐका. मास्तरांच्या शिलाई मशीनच्या सुयांचे नंबर उलटे असतात. अकरा नंबर मलमलीला, सोळा शर्टाला, अठरा जाड जीनला. नंबर लहान, सुई बारीक. तेव्हा बत्तीस म्हटल्यावर, टोचलेले कळले नसले तरी, डोळ्याचे हाल त्या दाभणामुळेच होतात असे त्यांनी तीन महिने धरले होते, आणि आता सत्तावीस म्हटल्यावर सही करता करता ते काकूंना म्हणाले, बाईंना अखेर सुबुद्धी झाली, पाच नंबर बारीक केली. जगात ही चूक फक्त शिंपीच करू शकतो.

आणि मित्रांनो, खालचा खण उघडला. सिस्टरने हात घातला आणि नेमकी मला उचलली. ही सिस्टर त्या खोलीत वीस वर्षे होती. तिने पाकीट उजेडात धरून तारीख वाचली, आणखी सव्वीस दिवस. मला ट्रेमध्ये ठेवले. पाकीट अजून बंद होते, पण खिडकीतून मला सगळी खोली दिसत होती. इतकी मोठी खोली मी कधी पाहिली नव्हती. मी स्वतःला बजावले, हलायचे नाही, वाकायचे नाही, मागे फिरायचे नाही.

काकू बाहेर बाकावर गेल्या आणि मास्तर खाटेवर आडवे झाले. सिस्टरने बधिर करायचे थेंब घातले. मास्तर खुशीत होते आणि खुशीत शिंपी बोलतो. म्हणाले, बारीक सुई आणलीत म्हणून बसलो, सिस्टर, नाहीतर आज मी उठून जाणार होतो.

सिस्टरचा हात थेंबांच्या बाटलीवर थांबला.

मला कळले की तिला कळले. आणि इथे मी तुम्हाला खरे सांगते, कारण आत्मवृत्तात खोटे बोलू नये असे म्हणतात. माझ्या मनात आले, गप्प राहा बाई. तो राजी आहे, सही झाली आहे, सुई त्याच्या भल्याचीच आहे. तू बोललीस तर तो उठेल, त्याचा डोळा जाईल आणि सव्वीस दिवसांनी मीही जाईन. एका वाक्याने दोघांचे नुकसान. मी पाकिटात ताठ पडून हे तिला सांगत होते. सुईचे कोणी ऐकत नाही, हे त्या दिवशी बरे झाले.

या सिस्टरची एक पद्धत होती. काहीही करण्याआधी ती सांगायची. आता गार लागेल. आता चुरचुरेल. आता टोचेल. मुंगी चावल्यासारखे वाटेल, असे तिने वीस वर्षांत एकालाही सांगितले नव्हते. तिचे म्हणणे, मुंगी मुंगीसारखी चावते आणि सुई सुईसारखी टोचते. लोक तिला कडू म्हणत, पण तिने सांगितलेल्या गोष्टीला दचकत नसत.

हातमोजे घालून डॉक्टरबाई आत आल्या. सिस्टर त्यांना म्हणाली, "डॉक्टर, यांना वाटतंय सुई बारीक आहे."

मास्तर उठून बसले. एक डोळा गेलेला, दुसरा बधिर, तरी ते बरोबर सिस्टरकडे बघत होते. डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. बाहेर सोळा माणसे बसली होती, त्यातला एक जावई आडवा होता. पण त्यांनी स्टूल ओढले आणि मास्तरांच्या गुडघ्याशी बसल्या. कबूल केले की सांगायचे अर्धे राहिले आणि तपासायचे पूर्ण राहिले. सुई जाड आहे. जास्त टोचेल. डोळ्यात लाल डाग पडेल, थोडे पाणी बाहेर येईल, आणि भोक मोठे म्हणून पुढचे दोन-तीन दिवस डोळ्याला जास्त जपावे लागेल. सगळ्यांना त्या असे करत नाहीत. मास्तरांना करू म्हणतात, कारण त्यांच्या नसेला आणखी एक काळोख परवडणार नाही. दाब मुळीच चढणार नाही, असे वचन त्या देणार नाहीत.

मास्तर म्हणाले की, पोराला कडू औषध साखरेत देतात तसे मला फसवले. चपला कुठे आहेत? काकूंना आत बोलावले गेले, नवऱ्याला समजवायला. मास्तरांनी त्यांनाच साक्षीला धरले, बघ, जाड सुईला बारीक म्हणून सही घेतली यांनी.

 काकू पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांनी बारीक म्हटलंच नव्हतं. तुम्हीच म्हणालात."

"तुला काय माहीत?"

"माझ्या हातसुईत आकडा वाढला की सुई बारीक होते. त्या सत्तावीस म्हणाल्या तेव्हाच मला शंका आली होती."

मित्रांनो, एकाच दुकानात, एकाच छपराखाली, तीस वर्षे दोन माणसे उलट्या आकड्यांनी शिवत होती आणि कधी अडले नव्हते. ते त्या दिवशी अडले.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "आणि तू बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही सही केली नसती." मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, चिडाल, पण डोळ्यांनी बघून चिडाल."

  मास्तरांनी मोजपट्टीचे टोक चोळले. नंतर त्यांनी चपलांचा विषय सोडला आणि म्हणाले, मला माल दाखवा. कापड न बघता मी शिवायला घेत नाही.

सिस्टरने एक हातमोजा नळाखाली धरून टम्म फुगेपर्यंत पाणी भरले आणि मनगटाशी गाठ मारली. पाच बोटे वर करून तो मोजा ट्रेमध्ये उभा राहिला, जणू कोणाची तरी शपथ घेतो आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळा हातमोजा नव्हे, पण अंदाज येईल. त्यांनी बत्तीस नंबर अंगठ्यात खुपसून काढली. काही झाले नाही. मास्तरांनी बोट फिरवले, अंगठा कोरडा. मग खालच्या खणातून माझी एक सख्खी बहीण काढली. तिने करंगळीत जाऊन दाखवले आणि ती निघताच तिथे पाण्याचा टपोरा थेंब उभा राहिला आणि ओघळला. त्या बहिणीची सगळी नोकरी एका हातमोज्यात झाली. तिने तक्रार केली नाही. मी तिचे नाव आदराने घेतले असते, पण आम्हा दोघींचे नाव सत्तावीसच आहे.

मास्तरांनी तो थेंब अंगठ्याने पुसला. दुसरा आला. तो चेहऱ्याजवळ नेऊन बघितला, तितपत त्यांना अजून दिसत होते. म्हणाले, "जन्मभर मी सुईचं भोक दिसू नये म्हणून मरत आलो. जाड सुई लावली आणि भोक राहिलं की कापड वाया. आणि तुम्ही म्हणता भोक राहिलं म्हणूनच डोळा वाचेल."

डॉक्टरबाई म्हणाल्या, वाचेल अशी माझी खटपट आहे.

मास्तरांनी आणखी एकच प्रश्न विचारला, सिस्टरला. किती दुखेल? सिस्टर म्हणाली, मागच्यापेक्षा दुप्पट. आधी दाबल्यासारखे, मग टोचल्यासारखे, तोंडातून आवाज निघेल, पण मान हलवायची नाही. सगळे मिळून दहा अंक मोजायच्या आत. मास्तरांनी हे कापडाचे माप घेतल्यासारखे ऐकून घेतले. मग त्यांनी पहिला फॉर्म मागितला, फाडला आणि नवा आणा म्हणाले. पहिली सही चुकीच्या मापावर झाली होती. चुकीचे शिवले की उसवायचे आणि परत शिवायचे, वर ठिगळ लावायचे नाही.

दुसरी सही त्यांनी सावकाश केली. मग स्वतःच आडवे झाले.

माझे पाकीट फाटले. चार वर्षे अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला वारा लागला. डॉक्टरबाईंनी मला औषधाच्या सिरिंजवर बसवले. मास्तरांच्या चेहऱ्यावर निळे कापड होते आणि त्याच्या खिडकीतून तारेच्या चिमट्याने उघडा धरलेला एकच डोळा वर बघत होता. तो घाबरलेला होता आणि हलत नव्हता. मीही तशीच होते. कंपासासारख्या एका अवजाराने बुबुळापासून चार मिलिमीटरवर खूण झाली.

"आता दाबल्यासारखं होईल," सिस्टर म्हणाली.

मी गेले. डोळ्याची भिंत रबरासारखी नसते, जाड, ताणलेल्या कापडासारखी असते. पहिल्या सेकंदाला ती मला घेईना. दुसऱ्या सेकंदाला घेतले. मास्तरांच्या तोंडून "आई गं" निघाले, पण मान जागची हलली नाही. आत काळोख असेल असे मला वाटले होते. तसे नसते, मित्रांनो. दिव्याचा उजेड बाहुलीतून आत येतो आणि सगळे नारिंगी दिसते. तीन, चार, पाच, औषध माझ्यातून गेले. सहा. सात. माझ्याभोवती सगळे आवळत चालले होते, गाडीत प्रवासी चढला होता. आठ. नऊ. मी बाहेर आले.

आणि इथे घात होणार होता. सिस्टरचा हात पुढे आला. वीस वर्षे, प्रत्येक सुई निघताच, त्या हाताने त्या जागेवर कापसाची काडी दाबली होती. आता दाबली असती तर भोक बंद, प्रवासी आत, मी जाड असून उपयोग शून्य. तिला हे माहीत होते. हाताला माहीत नव्हते.

"सिस्टर, हात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

काडी डोळ्यापासून बोटभर अंतरावर थांबली. सिस्टरने दुसऱ्या हाताने तो हात मनगटाशी धरला आणि मागे नेला, शेजारच्यांचे पोर घेऊन जावे तसा. मी गेले होते तिथे पारदर्शक पाण्याचा एक छोटा फुगवटा उठला, वाढला आणि गालावर ओघळला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितले. डोळ्यातून पाणी आल्याचा एवढा आनंद मी कुठे पाहिला नाही.

चिमटा निघाला, कापड निघाले. डॉक्टरबाईंनी बोटे वर केली आणि विचारले, किती?

मास्तर बोलले नाहीत.

मी ट्रेमध्ये आडवी होते. दाराशी काकू उभ्या होत्या. घड्याळाचा काटा एकदा हलला, परत हलला. मागच्या वेळी काळोख इथेच सुरू झाला होता. काकूंनी डोळे मिटून घेतले. जणू त्यांचेही तपासले जाणार होते आणि त्यांना उत्तर द्यायचे नव्हते.

"तीन," मास्तर म्हणाले. "जरा धुरकट आहेत. आणि बाई, तुमच्या बाहीची शिवण उसवलीय, तिथून दोरा लोंबतोय."

डॉक्टरबाईंनी बाही बघितली. लोंबत होता.

मग सिस्टरने मला उचलून कोपऱ्यातल्या पांढऱ्या डब्यात टाकले, टोपण परत न घालता, जसे टाकायला हवे तसे. त्यामुळे पुढचे मी फक्त ऐकले. दाब मोजायच्या यंत्राने एकतीस सांगितला. मागच्या वेळी बासष्ट होता. पंधरा मिनिटांनी परत मोजला, एकोणीस. मास्तर सिस्टरला म्हणाले, "दुखलं. पण तुम्ही सांगितलं होतं तेवढंच दुखलं." माझ्या आयुष्यातले दुसरे कौतुक ते हेच, असे मी धरून चालते. कॅमेऱ्यापेक्षा हे मला जास्त लागू पडते.

जाताना ते काकूंना म्हणाले, पुढच्या महिन्यात आकडा खटकला तर तोंड उघड. काकू म्हणाल्या, उघडेन, पण मग सही करायची. मास्तर म्हणाले, बघू. जिन्यावर दोघांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता. येताना मास्तर मोठ्याने पायऱ्या मोजत आले होते, जाताना मोजल्याचे ऐकू आले नाही, म्हणजे ते बघून उतरत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना विनवणी करतात. आम्हाला अडगळीत टाकू नका, आम्हाला जपा, आमची आठवण ठेवा. माझी विनवणी उलटी आहे. मला जपू नका. मला धुऊन, पुसून, उकळून परत वापरू नका, मी कितीही धारदार दिसले तरी. माझ्यावर टोपण चढवायला जाऊ नका, तुमचे बोट जाईल. मला केराच्या बादलीत फेकू नका, सकाळी ती बादली कोणाच्या तरी हातात असते. मला पांढऱ्या डब्यात टाका आणि विसरून जा. उद्या सकाळी हा डबा बंद होऊन भट्टीकडे जाईल. मी तयार आहे. तयार राहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

पण तुमच्या घरात कोणाच्या डोळ्यात सुई जाणार असेल, तर त्याच्याबरोबर जा. कोणती सुई, का, आणि किती दुखेल, ते विचारा. सुई निघाल्यावर दाब किती होता, तो आकडा विचारल्याशिवाय जिना उतरू नका. आणि उत्तरातले काही खटकले तर सही व्हायच्या आधी बोला, समोरचा उठून जाईल अशी भीती वाटली तरी बोला.

मला एकदाच वापरलेत, तेवढे पुरे. डोळा मात्र रोज वापरायचा आहे. तो जपा.